लाइव्ह रेकॉर्डिंग जमवायला बसलास, तर आधी हे बघ

भावा, ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडपासून सुरुवात करतोयस ते बरं केलंस. पण दिसेल ते उतरवत सुटू नकोस. ८ मे १९७७ चा, कॉर्नेल विद्यापीठातल्या बार्टन हॉलचा कार्यक्रम घे आणि साउंडबोर्डची (म्हणजे स्टेजवरचे माइक जिथं जोडलेले असतात त्या मिक्सरमधून थेट घेतलेली) व प्रेक्षकांतून केलेली, अशा दोन्ही प्रती ऐक. पहिलीत प्रत्येक वाद्य सुटं, दुसरीत हॉलचा घुमारा. फरक कानात बसला की निवड सोपी.

फाइल फ्लॅकच घे, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता लहान केलेली. एमपीथ्रीत आवाजाचा काही भाग गाळलेला असतो; तिची फ्लॅक केलीस तर फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. सोबतची टेक्स्ट फाइल उडवू नकोस. मूळ टेप कुठली, प्रत कितवी, ते तिथंच असतं.

जुन्या कॅसेट मिळाल्या तर कोल्हापूरचा पावसाळा आठव. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपची गुंडाळी उजेडात बघ. कडेला पांढरी भुकटी दिसली तर बुरशी. तशी कॅसेट लावलीस की बुरशी प्लेअरच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) चिकटते, तिथून पुढच्या कॅसेटला. चांगल्या कॅसेट सिलिका जेलसह हवाबंद डब्यात उभ्या ठेव. कॉम्प्युटरवर कॉपी करताना हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाळू दे, आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू दे. शून्याला टेकला की ड्रमचा आवाज फाटतो, आणि तो नंतर सांधता येत नाही.