'डॉमिनिका' आणि 'डॉमिनिकन रिपब्लिक': इंग्रजीत कोणते नाव कुठे लिहावे?

जुलै २०२३ मधील भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यातल्या कसोटीविषयीच्या इंग्रजी लेखात आपण 'इन डॉमिनिका' असे लिहिले आणि संपादकांनी ते 'इन द डॉमिनिकन रिपब्लिक' असे बदलले. यांतले बरोबर कोणते, आणि तेथील प्रेक्षकांना 'डॉमिनिकन' म्हणता येईल का, असा आपला प्रश्न आहे. मी इंग्रजी मजकुराच्या संपादनाचेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपले मूळचे वाक्य बरोबर होते. यशस्वी जयस्वालने पदार्पणात १७१ धावा केल्या तो सामना रोझो शहरातील विंडसर पार्कवर झाला आणि रोझो ही डॉमिनिकाची राजधानी आहे. डॉमिनिकन रिपब्लिकची राजधानी सांतो दोमिंगो असून तो देश बेसबॉलवेडा आहे आणि वेस्ट इंडीजच्या क्रिकेट संघाशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे संपादकांच्या दुरुस्तीने सामनाच दुसऱ्या देशात नेऊन ठेवला.

डॉमिनिका हे ग्वादलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांच्या मधले सुमारे ७५० चौरस किलोमीटरचे डोंगराळ बेट आहे. तेथे सुमारे सत्तर हजार लोक राहतात, राजभाषा इंग्रजी आहे, आणि ३ नोव्हेंबर १९७८ रोजी ते ब्रिटनच्या अमलाखालून स्वतंत्र झाले. डॉमिनिकन रिपब्लिकने हिस्पॅनिओला या मोठ्या बेटाचा पूर्व भाग व्यापलेला आहे, पश्चिमेला हैती आहे. तेथील भाषा स्पॅनिश आहे, लोकसंख्या एक कोटीहून अधिक आहे आणि स्वातंत्र्याचे वर्ष १८४४ आहे.

'द' लावण्याचा नियम सोपा आहे. नावात 'रिपब्लिक', 'किंगडम' असे सामान्यनाम मुख्य पद म्हणून आले किंवा नाव अनेकवचनी असले, तर 'द' लागतो. एकट्या बेटाच्या नावाला तो लागत नाही. म्हणून 'द डॉमिनिकन रिपब्लिक', पण नुसते 'डॉमिनिका'. 'सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स' या नावात 'द' मध्येच येतो तो याच कारणाने, कारण सेंट व्हिन्सेंट हे एक बेट आहे आणि ग्रेनेडीन्स ही बेटांची माळ आहे. बहामाज या देशाच्या अधिकृत नावातच 'द' आहे आणि देश म्हणून त्याला क्रियापद एकवचनी लागते, तेव्हा 'द बहामाज इज' असेच लिहावे, 'आर' नव्हे.

'रिपब्लिक' या शब्दावरून मात्र हे दोन देश ओळखायला जाऊ नये, कारण डॉमिनिका हेही प्रजासत्ताकच आहे आणि त्याचा प्रमुख राष्ट्राध्यक्ष असतो. त्याचे अधिकृत नाव 'कॉमनवेल्थ ऑफ डॉमिनिका' असे आहे. औपचारिक पत्रव्यवहारात किंवा करारात हे पूर्ण नाव लिहिलेले बरे, कारण त्याने घोटाळ्याला जागाच राहत नाही. मराठीत मात्र येथील 'कॉमनवेल्थ' चे 'राष्ट्रकुल' करू नये; राष्ट्रकुल ही देशांची संघटना, आणि येथे तो शब्द एका राज्याच्या नावाचा भाग आहे.

खरी अडचण विशेषणाची आहे. दोन्ही देशांच्या नागरिकांना इंग्रजीत 'डॉमिनिकन' च म्हणतात आणि स्पेलिंगही तंतोतंत सारखे आहे. फरक आहे तो उच्चारात. डॉमिनिकाचे लोक आपल्या देशाचे नाव 'नी' वर आघात देऊन 'डॉमिनीका' असे उच्चारतात आणि स्वतःला 'डॉमिनीकन' म्हणवतात. डॉमिनिकन रिपब्लिकच्या नागरिकाचा उल्लेख करताना इंग्रजीत आघात 'मि' वर येतो. बोलताना हा भेद सहज कळतो, कागदावर तो पूर्णपणे नाहीसा होतो. म्हणून तेथील प्रेक्षकांना 'डॉमिनिकन' म्हणणे चुकीचे नसले तरी तसे लिहू नये, असे माझे मत आहे, कारण कॅरिबियनबाहेरचा बहुतेक वाचक त्या शब्दावरून मोठाच देश समजेल. लेखात एकदा 'डॉमिनिका' येऊन गेल्यावरही मी विशेषण टाळतो आणि 'द क्राउड इन रोझो', 'अ फॅन फ्रॉम डॉमिनिका', 'डॉमिनिकाज प्राइम मिनिस्टर' अशी रचना करतो. वाक्य एखाद्या शब्दाने लांबते, पण अर्थ एकच राहतो. 'इन' की 'ऑन' हा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे: देश म्हणून 'इन डॉमिनिका', आणि 'आयलंड' हा शब्द स्पष्ट लिहिला तर 'ऑन द आयलंड ऑफ डॉमिनिका'.

लेखासोबत प्रवासाची माहिती देणार असाल, तर संक्षेपांकडेही लक्ष द्यावे. देशांच्या आंतरराष्ट्रीय तीन अक्षरी संकेतांत 'डीओएम' म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक आणि 'डीएमए' म्हणजे डॉमिनिका. विमानतळांच्या संकेतांत मात्र 'डीओएम' हा डॉमिनिकाच्या डग्लस-चार्ल्स विमानतळाचा आहे. ऑनलाइन अर्जांतील देशांच्या यादीतही ही दोन नावे एकाखाली एक येत असल्यामुळे भलतेच नाव निवडले जाणे सोपे असते. संपादकांना लिहिताना केवळ नियम सांगण्यापेक्षा सामन्याचे धावफलक जोडावे. त्यावर विंडसर पार्क आणि रोझो ही नावे छापलेली असतात, तेवढ्यावर प्रश्न मिटावा.