वादळामुळे क्रूझ दोन दिवस उशिरा: क्रेडिट घ्यावे, रोख मागावी की तसेच जावे?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ह्यूस्टनचे तुम्ही दोघे आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे, अशा चौघांचे टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बंदरातून सात रात्रींचे बुकिंग आहे. कोझुमेल, कोस्टा माया आणि प्रोग्रेसो अशी मेक्सिकोतली तीन बंदरे. मेक्सिकोच्या आखातात वादळ शिरले, बंदर बंद झाले, आणि कंपनीचा मेल आला की जहाज शनिवारऐवजी सोमवारी सुटेल आणि सफर पाच रात्रींची होईल. आलात तर दोन दिवसांचे भाडे परत आणि वर थोडे ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायची रक्कम. नाही आलात तर भाड्याइतके क्रेडिट, पुढच्या क्रूझसाठी. रोख परताव्याचा पर्याय मेलमध्ये नाही आणि उत्तर उद्या दुपारपर्यंत द्यायचे आहे. शिवाय नवऱ्याच्या पासपोर्टवरचा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा स्टॅम्प संपलेला आहे आणि सासू-सासरे ऑक्टोबरअखेर भारतात परततात.

पहिली गोष्ट: मेलमधले बटण आज दाबू नका. मुदत उद्या दुपारची आहे ना, मग उद्या सकाळपर्यंतचा वेळ तुमचा आहे, आणि मधे दोन फोन करायचे आहेत. त्याकडे येतोच.

'रोख मागा, कायदाच आहे' असा सल्ला तुम्हाला मिळाला आहे. कायदा आहे, पण तो तुमच्या दोन दिवसांपर्यंत पोहोचत नाही. अमेरिकी बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या, ५० किंवा अधिक प्रवाशांची सोय असलेल्या जहाजांवर फेडरल मेरिटाइम कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेची देखरेख असते. करोनाकाळात लाखो लोकांचे पैसे क्रेडिटमध्ये अडकले, त्यानंतर कमिशनने नियम स्पष्ट केला आणि तो एप्रिल २०२२ पासून लागू झाला. कंपनीने सफर रद्द केली, किंवा जहाजावर चढण्याची तारीख तीन किंवा अधिक दिवसांनी पुढे गेली आणि तुम्ही जायचे नाकारले, तर पूर्ण पैसे परत. कारण वादळ असो वा आणखी काही. शनिवारचा सोमवार म्हणजे दोनच दिवस. वादळ रेंगाळून मंगळवार उजाडला तर मात्र चित्र पालटेल, आणि आज घाईने क्रेडिट स्वीकारून बसलात तर उद्याचा तो हक्क वापरताना वाद घालावा लागेल. घाई नको म्हणतो त्याचे हे एक कारण.

मंगळवार उजाडण्याची शक्यता किती? बंदर कधी उघडणार हे कंपनीच्या हातात नसते. तटरक्षक दलाचा त्या बंदराचा अधिकारी ते ठरवतो. जोराचे वारे पोहोचायला साधारण ७२ तास उरले की व्हिस्की, ४८ ला एक्स-रे, २४ ला यँकी आणि १२ ला झुलू अशा पायऱ्या जाहीर होतात. झुलू लागले की बंदर बंद. आणि वादळ सरले म्हणून लगेच उघडत नाही. खाडीत गाळ सरकलेला असतो, बोये जागचे हललेले असतात, काहीतरी बुडालेले असू शकते, म्हणून आधी पाण्याची पाहणी होते, मग जहाजे सोडतात. हार्वे चक्रीवादळाच्या वेळी, ऑगस्ट २०१७ मध्ये, गॅल्व्हेस्टनची काही जहाजे ठरल्या दिवशी परत येऊच शकली नाहीत. त्यांतली काही न्यू ऑर्लिन्सला लागली आणि ज्यांना तिथे उतरायचे होते त्यांना उतरू दिले. बेरील वादळ ८ जुलै २०२४ च्या पहाटे टेक्सासच्या किनाऱ्यावर माटागोर्डाजवळ धडकले आणि ह्यूस्टनकडच्या वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, ते तुम्ही अनुभवले असेलच. तेव्हा मेलमधला 'सोमवार' हा अंदाज समजा. तटरक्षक दलाची आणि बंदराची सूचना थेट त्यांच्या पानावर पाहत राहा, कंपनीचा मेल त्याच्या मागून येतो.

जाता जाता: समुद्रावर वादळात सापडण्याची भीती फारशी बाळगू नका. चक्रीवादळ साधारण ताशी १५ ते २५ किलोमीटरने सरकते, ही जहाजे ३५ च्या पुढे जातात. कप्तान बहुधा वळसा घालतो. त्रास होतो तो बंदरांचा आणि वेळापत्रकाचा.

'प्रवाशांच्या हक्कांची सनद' हा दुसरा गैरसमज. २०१३ मध्ये कार्निव्हल ट्रायम्फवर आग लागून जहाज आखातात अडकले, त्यानंतर क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने ही सनद आणली. त्यातले रिफंडचे वचन यांत्रिक बिघाडासाठी आहे. इंजिन बंद पडून सफर रद्द झाली तर पूर्ण पैसे, अर्ध्यात संपली तर काही पैसे. हवामानाचा त्यात उल्लेख नाही. तिकिटाच्या करारात तर उलटेच लिहिलेले असते: कप्तान कोणतेही बंदर गाळू शकतो, बदलू शकतो, आणि त्याबद्दल कंपनी देणे लागत नाही. बंदर गळले तर त्या बंदराचे कर आणि शुल्क परत येते, बहुधा जहाजावरच्या खात्यात, आणि कंपनीकडून घेतलेली तिथली सहल रद्द होऊन तिचे पैसे येतात. बाहेरच्या माणसाकडून कोझुमेलची गाडी ठरवली असेल तर त्याच्याशी तुम्हीच बोला.

म्हणजे दोन दिवसांच्या उशिरात कंपनी जे देते आहे ते बरेचसे मर्जीने. पण मर्जी वाढू शकते. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयोनहून निघालेले रॉयल कॅरिबियनचे 'अँथम ऑफ द सीज' वादळात सापडून परत फिरले, तेव्हा कंपनीने सर्वांना पूर्ण पैसे दिले आणि वर भाड्याच्या निम्म्या रकमेचे क्रेडिट. बातम्या झाल्या होत्या, लाज होती. तुमच्या बाबतीत बातमी होणार नाही, म्हणून मागणी अचूक हवी.

आता क्रेडिट म्हणजे नेमके काय ते पाहा, कारण '१०० टक्के' हा आकडा फसवा आहे. समजा माणशी भाडे ७०० डॉलर आणि कर-शुल्क १६० डॉलर. क्रेडिट ७०० चेच मिळेल, १६० कार्डावर परत यायला हवेत. आधी भरलेल्या टिप्स, वायफाय, पेयांचे पॅकेज हेही कार्डावर. ते आपोआप येईल असे धरू नका, विचारा. पुढच्या वेळी ७०० चे क्रेडिट फक्त भाड्याला लागेल, कर आणि टिप्स पुन्हा खिशातून. मग अटी: ठरावीक तारखेच्या आत नुसते बुकिंग करायचे की त्या तारखेच्या आत जहाज सुटलेले असायला हवे? या दोन तारखांमध्ये कधीकधी वर्षाचा फरक असतो. पुढची क्रूझ ६०० ची घेतली तर उरलेले १०० राहतात की बुडतात? ती क्रूझ तुम्हीच रद्द केली तर क्रेडिट जुन्याच मुदतीसह परत येते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, ते कोणाच्या नावावर आहे? बहुतेक ठिकाणी क्रेडिट माणसागणिक असते आणि दुसऱ्याला देता येत नाही.

इथेच तुमची अडचण आहे. सासू-सासऱ्यांच्या नावावरचे क्रेडिट सांगलीत काय कामाचे? पुढच्या वर्षी ते येतील, तब्येत साथ देईल, तोवर मुदत असेल, हे सगळे जमून आले तर उपयोग. मी त्या कागदाची किंमत निम्म्याहूनही कमी धरीन.

आता पहिला फोन: विमा. आणि इथे आपल्या लोकांची नेहमीची गल्लत होते. आईवडिलांसाठी घेतलेला 'व्हिजिटर इन्शुरन्स' हा आजारपणाचा विमा आहे, सफर रद्द झाल्याचे पैसे त्यातून मिळत नाहीत. त्यासाठी वेगळा ट्रिप इन्शुरन्स हवा, आणि तोही वादळाला नाव पडण्याआधी घेतलेला. नाव पडले की ती 'माहीत असलेली घटना' ठरते आणि नंतर घेतलेली पॉलिसी त्या वादळापुरती निरुपयोगी. तुमच्याकडे ट्रिप इन्शुरन्स असेल, किंवा ज्या कार्डाने पैसे भरले त्यात ही सोय असेल (महागड्या कार्डांत असते, लोक विसरतात), तर त्यांना एवढेच विचारा: हवामानामुळे सेवा सलग किती तास बंद राहिली तर सफर रद्द केल्याचे पैसे देता? कुठे १२ तास असते, कुठे २४, कुठे ४८. म्हणजे कमिशनच्या तीन दिवसांत न बसणारा तुमचा उशीर विम्यात बसू शकतो. पण कंपनीचे पूर्ण क्रेडिट आधी स्वीकारले तर विमा कंपनी म्हणेल, 'तुमचे नुकसान झालेच कुठे?' म्हणून आधी विमा, मग बटण. 'कोणत्याही कारणाने रद्द' प्रकारची पॉलिसी घेतली असेल तर ५० ते ७५ टक्के मिळतात, पण त्यात निघण्याच्या ४८ तास आधी रद्द करण्याची अट असते. ती वेळ जुन्या सुटण्यापासून मोजायची की नव्या, हेही विचारा.

विमा नसेल तर कार्डावरून पैसे परत ओढण्याच्या नादी लागू नका. कंपनी तिकिटाचा करार पुढे करते आणि कार्डवाले तिच्या बाजूने निकाल देतात, वर कंपनी पुढचे बुकिंग नाकारू शकते. कोर्टाचा विचारही सोडा. मोठ्या कंपन्यांच्या करारात दावा फ्लोरिडातच लावायचा असे लिहिलेले असते आणि १९९१ मध्ये अमेरिकी सुप्रीम कोर्टाने, वॉशिंग्टन राज्यातल्या एका जोडप्याच्या कार्निव्हलविरुद्धच्या दाव्यात, हे कलम मान्य केले आहे.

आता नवऱ्याचा स्टॅम्प. याबद्दल तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे, मला तीच सर्वांत गंभीर वाटते. 'फक्त मेक्सिको आहे, ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन चालेल' हा तुमचा हिशेब कागदावर बरोबर आहे: आय-९४ (अमेरिकेत राहण्याची मुदत दाखवणारी प्रवेशाची नोंद) चालू असेल, बाहेरचा मुक्काम ३० दिवसांच्या आत असेल आणि तो केवळ मेक्सिको किंवा कॅनडात असेल, तर संपलेल्या स्टॅम्पवर परत येता येते. पण कॅरिबियनमधल्या बेटांची सवलत एफ आणि जे (विद्यार्थी आणि एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना आहे, एच-वन-बीला नाही. वादळाच्या आठवड्यात जहाज निघाल्यावर कप्तानाने मेक्सिकोच्या युकातानऐवजी जमैका किंवा बहामाकडे तोंड फिरवले, तर तो करारानुसार त्याचा अधिकार आहे, आणि तुमच्या नवऱ्याची सवलत तिथेच संपते. जहाजावरून उतरला नाही तरी चालेल का, हा वाद गॅल्व्हेस्टनच्या इमिग्रेशन काउंटरवर घालण्याची ही वेळ नव्हे. शांत हवामानात मी 'वकिलाला विचारा' म्हटले असते. या हवामानात सरळ सांगतो, त्याने जाऊ नये. सासू-सासऱ्यांचा बी-वन-बी-टू (पाहुण्यांचा) व्हिसा अनेकवेळा प्रवेशाचा आणि चालू असेल तर त्यांना ही अडचण नाही, मार्ग बदलला तरी.

तेव्हा माझे मत असे. विमा पैसे देत असेल तर चौघांनीही रद्द करावे आणि विम्याचा दावा लावावा. देत नसेल तर नवऱ्याने क्रेडिट घ्यावे, स्टॅम्प झाल्यावर ते त्याला वापरता येईल, आणि तुम्ही तिघांनी पाच रात्री जाऊन यावे. परतीचा दिवस शनिवारच राहतो, त्यामुळे पुढचे काही हलत नाही. पाच दिवस सासू-सासऱ्यांबरोबर आणि नवरा घरी, हे तुम्हाला परवडते का ते तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. मात्र एकाच कॅबिनमधला एक जण रद्द करतो तेव्हा उरलेल्याला एकट्याचा जादा आकार लावू नका, असे आधी कबूल करून घ्या. सासऱ्यांच्या गोळ्या आठवडाभराच्या जादा घ्या, जहाज परतताना पुन्हा बंदर बंद असू शकते.

दुसरा फोन कंपनीला. 'आमचे पैसे द्या' असे मोघम म्हणू नका. म्हणा की दोन ज्येष्ठ प्रवासी ऑक्टोबरमध्ये भारतात परतत आहेत, त्यांच्या नावावरचे क्रेडिट मुदतीत वापरता येणार नाही, म्हणून ते न आल्यास त्यांची रक्कम मूळ कार्डावर द्या किंवा क्रेडिट आमच्या नावावर करा. पहिला माणूस नाही म्हणेल, त्याला ते अधिकार नसतात. शांतपणे वरिष्ठ मागा. मिळालेले उत्तर मेलवर मागून घ्या. ॲपमधल्या सूचनांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, सफर संपली की त्या दिसेनाशा होतात. जहाजावर कॅबिनमध्ये पत्र येईल तेही टाकू नका. ऑनबोर्ड क्रेडिट रोख करता येणारे आहे की शेवटच्या रात्री संपणारे, तेही याच फोनवर विचारा. संपणारे असेल तर टिप्स त्यातून वळत्या करता येतात का पाहा, नाहीतर शेवटच्या संध्याकाळी दुकानात नको ती घड्याळे विकत घेणाऱ्यांच्या रांगेत उभे राहाल.

सासू-सासऱ्यांची कॅबिन दिराने पुण्याच्या एजंटाकडून रुपयांत घेतली आहे, असे तुम्ही खाली लिहिले आहे. मग त्यांच्याबद्दल कंपनी तुमच्याशी बोलणार नाही, रद्द करणे, बदल, रिफंड सगळे एजंटामार्फत; त्यांच्या रकमेची वरची मागणीही त्याच्याकडूनच लावून घ्या. दिराला आजच फोन करायला सांगा, पुण्यात सकाळ होईपर्यंत थांबू नका, एजंटाचा व्हॉट्सॲप असेलच. एजंट स्वतःचा वेगळा आकार कापतो का, तेही लेखी घ्या. कंपनीने दोन दिवसांचे पैसे एजंटाला दिले आणि त्याने ते दाबून ठेवले, तर ती लढाई भारतात आहे आणि तुलनेने सोपी आहे: आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याचे नाव तक्रारीत हवे.

मंगळवारपर्यंत जहाज हलले नाही आणि तरी कंपनी क्रेडिटच पुढे करत असेल, तर फेडरल मेरिटाइम कमिशनचा ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारा विभाग आहे, तिथे फुकट तक्रार करता येते. तोपर्यंत बुकिंग क्रमांक, भरलेल्या पैशांच्या पावत्या आणि मूळ वेळापत्रकाचा मेल एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. विम्याचे उत्तर आले की इथेच कळवा, अटींचा मजकूर टाकलात तर वाचून सांगतो.