काळजी डिसेंबरची नको, जूनची करा

पुण्यातल्या कर्वेनगरमधून एका वाचकताईंचं पत्र आलं आहे. वय २९, खासगी कंपनीत नोकरी, पगार हातात ४८ हजार. पतीने नोकरी सोडून एम.टेक.ला प्रवेश घेतला, त्यांना गेट या प्रवेश परीक्षेच्या जोरावर दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते आणि आता शेवटचं वर्ष सुरू होतंय. त्यांच्या नावावर ५ लाख २० हजारांचं शैक्षणिक कर्ज आहे, साडेदहा टक्क्यांनी. ताईंना चौथा महिना, तारीख डिसेंबरअखेरची. साठवलेल्या ४ लाखांच्या एफडीची मुदत २० ऑगस्टला संपते. पती म्हणतात, बाळ यायच्या आधी डोक्यावरचं ओझं उतरवू, सगळे पैसे कर्जात भरू. सासूबाई म्हणतात, शिक्षण सोड आणि नोकरी धर. ताई विचारतात, कुणाचं ऐकू?

सासूबाईंचं आधी सांगतो. दोन सत्रं राहिली असताना शिक्षण सोडलं तर शिष्यवृत्ती जाईल, पदवी जाईल आणि कर्ज तेवढं राहील. त्यांची काळजी खरी आहे, उपाय महागाचा आहे.

पतींचा हिशेब मात्र चुकीचा नाही. एफडीवर तुम्हाला पावणेसात टक्के मिळतात, कर्जावर साडेदहा जातात. पावणेचार टक्क्यांचा फरक, ४ लाखांवर वर्षाला १५ हजार. करसवलतीचा मुद्दाही आत्ता कामाचा नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, तीही ज्याच्या नावावर कर्ज त्याला, आणि त्यांना करपात्र उत्पन्नच नाही. म्हणजे कागदावर ते जिंकतात. तरीही माझं मत असं, की आत्ता त्या कर्जात एक रुपयाही टाकू नका.

कारण हे कर्ज सध्या तुमच्याकडे काही मागत नाही. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. तोवर सरळ व्याज साठत राहतं, तुमच्या बाबतीत महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास. ते बोचतं, मान्य. पण कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही, तेव्हा ते पुढच्या दिवाळीतही फेडता येईल. कर्जात भरलेले ४ लाख मात्र फेब्रुवारीत गरज पडली म्हणून परत काढता येणार नाहीत. तेव्हा हाताशी येईल ते क्रेडिट कार्ड, ज्याच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वर्षाचे १५ हजार जाऊ द्या, त्या बदल्यात तुमची झोप शाबूत राहते.

आता डिसेंबर. तुम्ही बाळंतपणाच्या खर्चाने धास्तावला आहात, पण तुमच्याच पत्रातले आकडे पाहा. रुग्णालयाने नॉर्मलचे ६५ हजार आणि सिझेरियनचे १ लाख १० हजार सांगितलेत, कंपनीचा विमा ५० हजार देतो. म्हणजे खिशातून फार तर ६० हजार. पहिलं बाळंतपण माहेरी, बार्शीला करायचं मनात आहे, ते छानच, फक्त तिथलं कोणतं रुग्णालय कंपनीच्या कॅशलेस यादीत आहे ते आधी पाहा. बाळाचं नाव पॉलिसीत घालायची मुदतही विचारून ठेवा. बऱ्याच कंपन्यांत ती ३० दिवसांची असते आणि बारशाच्या गडबडीत हमखास हुकते. आणि आत्ता नवी मॅटर्निटी पॉलिसी घ्या असं सांगणाऱ्या एजंटला चहा पाजा, सही देऊ नका. अशा पॉलिसीत सुरुवातीचा ठरावीक काळ भरपाई मिळत नाही, त्या प्रतीक्षा काळामुळे या बाळंतपणाला तिचा उपयोग नाही.

खरा पेच पुढे आहे. पहिल्या दोन अपत्यांसाठी २०१७ च्या दुरुस्तीपासून २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, त्यातले प्रसूतीआधी जास्तीत जास्त ८. तुम्ही डिसेंबरच्या सुरुवातीला रजेवर गेलात तर ती जूनच्या तोंडावर संपते. त्याच सुमारास शिष्यवृत्ती बंद होते. पतींना कॅम्पसमधून नोकरी लागली तरी रुजू व्हायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. त्याच वेळी पाळणाघराचा खर्च सुरू. आणि पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही हळूच लिहिलंय, "अजून तीन महिने बिनपगारी रजा घ्यावीशी वाटते." म्हणजे जून ते ऑगस्ट घरात तीन माणसं आणि पगार शून्य.

तुमचा महिन्याचा खर्च ४८ हजार. तीन महिन्यांचे १ लाख ४४ हजार. त्यात बाळंतपणाचे ६० हजार मिळवा, आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर म्हणून ७५ हजार. झाले २ लाख ७९ हजार. उरलेले १ लाख २१ हजार पतींची नोकरी लांबली तर. तुमचे ४ लाख आधीच कामाला लागलेले आहेत, जास्तीचे नाहीत.

आता आणखी दोन गोष्टी. एचआरला ईमेलने विचारा, रजेच्या काळात पगार कोणत्या भत्त्यांसह मिळेल. हातात ४८ येतील की ४२, हे आज कळलेलं बरं. कंपनीत ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही कायद्याने त्यांच्यावर आहे, तेही विचारा. दुसरं, टर्म विमा, म्हणजे कमावणारं माणूस गेलं तर घराला पैसे देणारा विमा. सध्या घर तुमच्या पगारावर उभं आहे आणि विमा आहे पतींचा, तोही ५ लाखांचा. तुमच्या नावाने १ कोटीचा घ्या, आणि लवकर, कारण शेवटच्या महिन्यांत काही कंपन्या प्रस्ताव बाळंतपणानंतर आणा म्हणतात.

खरेदीची यादीही पाठवली आहे, ४५ हजारांची. प्रॅम, कॉट, बाळाचं कपाट. आईच्या जुन्या सुती लुगड्यांच्या दुपट्यांइतकं मऊ बाजारात काही मिळत नाही, आणि कॉट तुमच्या बहिणीकडे माळ्यावर पडून असल्याचं तुम्हीच लिहिलंय.

एफडीचं असं करा: २० तारखेला ४ लाखांची एकच पावती न करता एकेक लाखाच्या चार करा. मग ६० हजार लागले तर एकच मोडावी लागेल, बाकीच्या तिघींचं व्याज चालू राहील. सध्याच्या पावतीवर आपोआप नूतनीकरणाची सूचना आहे का, ते आजच पाहा. असेल तर २० च्या आधी शाखेत जाऊन बदलून घ्या, नाहीतर परत चार लाखांची एकच पावती होऊन बसेल.