2012 ची वॅगन-आर ठेवू की नवी गाडी घेऊ? नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती परवडत नाही म्हणतात, ते खरं आहे का?

निम्मं खरं आहे. नवी गाडी सारखी बिघडते असं नाही, पण बिघडली की बिल एकदम मोठं येतं. आणि तुमची वॅगन-आरही काही बिनइलेक्ट्रॉनिक्सची नाही. तिच्यात ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर आहे, चावीत इमोबिलायझरची, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची चिप आहे. पॉइंट घासून आणि कार्ब्युरेटरचे जेट फुंकून गाडी चालू करायचे दिवस 2000 च्या सुमारास मारुती 800 ला एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली तेव्हाच सरत आले होते.

खरा फरक पडला तो सगळं एकमेकांत गुंतवल्यावर. तुमचा स्टिरिओ गेला तर बाजारातला दुसरा बसतो, एसीचे नॉब वेगळे. आता एसी, रिव्हर्स कॅमेरा, गाडीची सेटिंग्ज, सगळं बऱ्याच गाड्यांत एकाच स्क्रीनमध्ये. हेडलाइटचा एच-4 बल्ब दोनेकशे रुपयांत कुठल्याही दुकानात मिळतो. सीलबंद एलईडी हेडलाइटच्या आतलं सर्किट गेलं की अख्खं युनिट बदला, काही मॉडेल्सना एका बाजूचेच 15-20 हजारांच्या वर जातात. एडासचा, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सुरक्षा यंत्रणेचा कॅमेरा असेल तर पुढची काच बदलल्यावर तो पुन्हा अचूक जुळवण्याचे (कॅलिब्रेशनचे) पैसे वेगळे.

मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. सर्किट बोर्डवर जळालेला भाग बऱ्याचदा शंभर रुपयांचाही नसतो, पण तो सुटा कोणी देत नाही. पूर्वी मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून पार्ट आणला, जोडला, झालं. आता जुना ईसीयू नुसता लावून गाडी चालू होत नाही, इमोबिलायझरशी त्याचं कोडिंग करावं लागतं आणि त्याची सोय बहुतेक वेळा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडेच असते.

पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या गाड्या रांगेने येतात. सर्व्हिस सेंटर पूर्ण वायरिंग बदलायचं कोटेशन देतं. चांगला वायरमन तुटलेली तार सोल्डर करून, स्लीव्ह चढवून देतो आणि बहुतेक ठिकाणी ते टिकतं. फक्त एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला असलं ठिगळ लावू देऊ नका.

डॅशबोर्डवर चार दिवे एकदम पेटले की लोक घाबरून मॉड्यूल बदलायला निघतात. आधी बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंगच्या थिंबल (वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्या) तपासायला सांगा. स्कॅनरवरचा कोड कुठे शोधायचं ते सांगतो, काय बदलायचं ते नाही. कोड वाचून थेट पार्टची ऑर्डर देणाऱ्याकडे मी तरी माझी गाडी देणार नाही.

तुमचं इंजिन ठणठणीत असेल आणि खालून पत्रा गंजला नसेल, तर अजून काही वर्षं वापरा. नवी घेतलीच तर वाढीव वॉरंटी सोडू नका, कारण नेहमीच्या विम्यात इलेक्ट्रिकल बिघाड येत नाही, झिरो डेप (पार्टची घसारा कपात न करणारा जादा विमा) घेतलं तरी नाही.

मात्र घरच्यांना घेऊन रोज हायवेवर जात असाल तर माझं उत्तर उलटं आहे. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जॅम न होऊ देणारी यंत्रणा, आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून सक्तीची झाली. तुमच्या वर्षाच्या वॅगन-आरच्या खालच्या व्हेरियंटमध्ये ती नाही, एअरबॅगही नाहीत.