वाचक विचारतात : टॅबलेटवरचं अ‍ॅप संगणकावर का अडतं?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच जातीचे आहेत. टॅबलेटवर सुरळीत चालणारं अ‍ॅप संगणकावर नेलं की कुठेतरी अडतं. कारणं मोजकीच असतात: प्रोसेसरची भाषा जुळत नाही, पडद्याचं गणित जुळत नाही, किंवा ‘हे खरं उपकरण नाही’ हे अ‍ॅपला कळतं. पहिली दोन बहुतेक वेळा दुरुस्त होतात. तिसऱ्याच्या मागे लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : विंडोज ११ मध्ये अँड्रॉइडची अ‍ॅप थेट चालायची. नव्या संगणकावर ती सोय सापडत नाही. आता काय वापरावं?

‘विंडोज सबसिस्टिम फॉर अँड्रॉइड’ नावाची ती सोय मायक्रोसॉफ्टने ५ मार्च २०२५ पासून बंद केली. विंडोजवरचं अ‍ॅमेझॉन अ‍ॅपस्टोअरही तिच्यासोबत गेलं. इतरांनी फेरफार केलेल्या तिच्या आवृत्त्या इंटरनेटवर फिरतात आणि चालतातही. पण मायक्रोसॉफ्टकडून त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे त्यांत स्वतःचं गूगल खातं उघडू नका.

एम्युलेटर (संगणकात अँड्रॉइड उपकरणाची नक्कल उभी करणारं सॉफ्टवेअर) घेण्याआधी त्या अ‍ॅपची वेबसाइट उघडून पाहा. नोंदी, कॅलेंडर, ईमेल, यादी असल्या कामांची बरीच अ‍ॅप ब्राउझरमध्ये तीच कामं करतात. एज ब्राउझरमध्ये तीन टिंबांच्या मेनूतून ‘अ‍ॅप्स’ आणि तिथे साइट अ‍ॅप म्हणून बसवण्याचा पर्याय निवडला की तिला स्वतंत्र खिडकी आणि टास्कबारवर जागा मिळते. एवढ्यावर भागत असेल तर पुढची सगळी खटपट वाचते.

भागत नसेल तर रोजच्या वापराला ब्लूस्टॅक्ससारखा तयार एम्युलेटर घ्या. अँड्रॉइडची आवृत्ती, पडदा, मेमरी सगळं नेमकं ठरवायचं असेल तर अँड्रॉइड स्टुडिओसोबत येणारा एम्युलेटर बरा. ‘गूगल प्ले गेम्स’ची संगणकावरची आवृत्ती मुख्यतः खेळांसाठी आहे, नोंदवही किंवा चित्रकलेच्या अ‍ॅपसाठी ती शोधत बसू नका.

प्रश्न : आठ जीबी रॅमच्या संगणकावर एम्युलेटर सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटं लागतात, मग सगळं अडखळत चालतं. रॅम वाढवावी का?

रॅम विकत घेण्याआधी व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे संगणकात दुसरा संगणक चालवायला प्रोसेसर देतो ती मदत, चालू आहे का ते पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर जा. उजवीकडे खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर ‘डिसेबल्ड’ असेल तर दुखणं तिथेच आहे. प्रोसेसरची मदत नसली की एम्युलेटरला सगळं काम सॉफ्टवेअरमध्ये ओढावं लागतं.

ते चालू करायला बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, जावं लागतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, मग ‘रिकव्हरी’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप’. संगणक पुन्हा सुरू होताना ‘ट्रबलशूट’मधून ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ निवडा. इंटेलच्या यंत्रात ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’, एएमडीच्या यंत्रात ‘एसव्हीएम मोड’ असं नाव असतं. आणि हे करण्याआधी एक काम नक्की करा: डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ती मागू शकते.

‘एनेबल्ड’ दिसत असूनही एम्युलेटर कुरकुरत असेल तर बहुधा हायपर-व्हीशी, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअलायझेशन यंत्रणेशी, भांडण आहे. विंडोजच्या ‘कोअर आयसोलेशन’मधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असली की हायपर-व्हीचा पाया पडद्यामागे चालतोच, आणि जुन्या एम्युलेटरांना प्रोसेसरची ती सोय मिळत नाही. पुष्कळ ठिकाणी ‘मेमरी इंटिग्रिटी बंद करा’ असा सल्ला मिळतो. आम्ही तो देणार नाही, कारण ते संरक्षण एका अ‍ॅपपेक्षा मोलाचं आहे. त्याऐवजी हायपर-व्हीसोबत चालणारी एम्युलेटरची आवृत्ती घ्या. अँड्रॉइड स्टुडिओसाठी ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये ‘विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म’समोर खूण करून संगणक पुन्हा सुरू करा. पूर्वीचा इंटेलचा हॅक्सम (एम्युलेटरला वेग देणारा ड्रायव्हर) राहिला असेल तर काढून टाका, त्याचा विकास २०२३ मध्ये थांबला.

आता मेमरी. आठ जीबीच्या यंत्रात एम्युलेटरला चार जीबीपेक्षा जास्त देऊ नका. सहा दिले तर विंडोजच डिस्कवर अदलाबदल करू लागते आणि दोघंही रखडतात. प्रोसेसरचे कोअर चार असतील तर दोन द्या. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर सेटिंग्जच्या ‘डिस्प्ले’मधल्या ‘ग्राफिक्स’मध्ये एम्युलेटर जोडून ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा.

प्रश्न : अँड्रॉइड अ‍ॅपची एपीके फाइल डाउनलोड करून एम्युलेटरमध्ये टाकली, तर ‘अ‍ॅप नॉट इन्स्टॉल्ड’ एवढंच येतं. तीच फाइल टॅबलेटवर बसते. असं का?

त्या एका वाक्यामागे चार-पाच वेगळी कारणं दडलेली असतात. खरं कारण हवं असेल तर एडीबीमधून (संगणकावरून अँड्रॉइडला आज्ञा देणाऱ्या गूगलच्या साधनातून) फाइल बसवा, म्हणजे नेमका संदेश मिळतो.

संदेशात ‘नो मॅचिंग एबीआयज’ असेल तर प्रोसेसरची भाषा जुळत नाही. टॅबलेटमध्ये जवळपास नेहमीच एआरएम जातीचा प्रोसेसर असतो, डेस्कटॉपमध्ये बहुधा एक्स८६. अ‍ॅपचा जावा किंवा कॉटलिनमधला भाग कुठेही चालतो. सी किंवा सी++ मधला भाग मात्र प्रोसेसरगणिक वेगळा बांधलेला असतो. हे स्वतः पाहता येतं. एपीके ही मुळात झिप फाइलच आहे. सेव्हन-झिपने उघडा आणि ‘लिब’ नावाचा फोल्डर शोधा. तो नसेल तर प्रोसेसरचा प्रश्नच नाही. त्यात ‘एक्स८६_६४’ असेल तर उत्तम. फक्त ‘एआरएम६४-व्ही८ए’ असेल तर ६४ बिटचा एआरएम अनुवाद करणारी अँड्रॉइड प्रतिमा (एम्युलेटरमध्ये चालणारी अँड्रॉइडची तयार प्रत) लागेल. अँड्रॉइड स्टुडिओच्या अँड्रॉइड ११ आणि पुढच्या एक्स८६_६४ प्रतिमांत ही सोय आहे. ब्लूस्टॅक्समध्ये ३२ बिटचा जुना ‘नूगा’ (अँड्रॉइड ७) इन्स्टन्स, म्हणजे आभासी उपकरण, वापरत असाल तर ६४ बिटचा ‘पाय’ (अँड्रॉइड ९) किंवा अँड्रॉइड ११ चा नवा इन्स्टन्स तयार करा. अनुवादाने वेग कमी होतो, आणि काही अ‍ॅप उघडताक्षणी बंद पडतात. तशा अ‍ॅपवर उपाय नाही.

‘मिसिंग स्प्लिट’ असा संदेश असेल तर तुमच्याकडे अर्धंच अ‍ॅप आहे. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणारी नवी अ‍ॅप बंडल स्वरूपात द्यावी लागतात, आणि स्टोअर प्रत्येक उपकरणाला लागतील तेवढेच तुकडे देतं: एक मूळ, एक प्रोसेसरचा, एक पडद्याच्या घनतेचा, एक भाषेचा. तुमच्या हाती मूळ तुकडा एकटाच आला आहे. सगळे तुकडे एकाच आज्ञेत, ‘इन्स्टॉल-मल्टिपल’ने, एका दमात द्यावे लागतात. एकेक करून चालत नाही. प्रोसेसरचा तुकडा दुसऱ्याच्या टॅबलेटवरून काढलेला असेल तर तो एआरएमचा असणार, हे विसरू नका.

‘अपडेट इन्कम्पॅटिबल’ म्हणजे आधीच बसलेल्या अ‍ॅपची सही (ते कोणी बनवलं याची डिजिटल खूण) वेगळी आहे. जुनं काढावं लागेल, आणि त्यासोबत त्यातला डेटाही जाईल, तेव्हा आधी बॅकअप घ्या. ‘ओल्डर एसडीके’ म्हणजे एम्युलेटरचं अँड्रॉइड अ‍ॅपच्या मानाने जुनं आहे.

या भानगडी टाळायच्या असतील तर अ‍ॅप शक्यतो एम्युलेटरमधल्या प्ले स्टोअरमधूनच घ्या. योग्य तुकडे ते स्वतः निवडतं.

प्रश्न : पण प्ले स्टोअर ‘तुमचं उपकरण सुसंगत नाही’ म्हणतं!

अ‍ॅप बनवणाऱ्याने जाहीर केलेल्या गरजा स्टोअर तपासतं: मागचा कॅमेरा, जीपीएस, सिम, टचस्क्रीन. यातलं एक जरी एम्युलेटरने जाहीर केलं नसलं तरी अ‍ॅप अडतं. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये उपकरण निवडताना प्ले स्टोअरची खूण असलेलंच प्रोफाइल घ्या आणि कॅमेऱ्यासाठी वेबकॅम निवडा. ब्लूस्टॅक्समध्ये उपकरणाचं प्रोफाइल बदलून, स्टोअरचा कॅशे पुसून पुन्हा पाहा.

प्रश्न : नोंदींचं एक अ‍ॅप टॅबलेटवर दोन रकाने दाखवतं, एम्युलेटरमध्ये मात्र फोनसारखा एकच रकाना आणि अवाढव्य अक्षरं. मोठ्या मॉनिटरचा उपयोग काय?

अ‍ॅप तुमचा मॉनिटर पाहत नाही, ‘डीपी’ नावाचं एकक पाहतं. पडद्याची लहान बाजू पिक्सेलमध्ये घ्या, १६० ने गुणा, डीपीआयने (पडद्याच्या घनतेच्या आकड्याने) भागा. उत्तर ६०० किंवा जास्त आलं तर अँड्रॉइड त्याला टॅबलेट समजतं. काही अ‍ॅप दोन रकान्यांसाठी ७२० मागतात.

तुमचा एम्युलेटर १९२० बाय १०८० आणि ३२० डीपीआयवर असेल, तर १०८० गुणिले १६० भागिले ३२० म्हणजे ५४०. म्हणून फोन. डीपीआय २४० केला की उत्तर ७२० येतं आणि दुसरा रकाना उगवतो. १६० केला तर १०८० येईल, पण अक्षरं डोळ्यांना त्रास होईल इतकी बारीक होतील. पूर्ण एचडी मॉनिटरवर २४० हा आमच्या मते योग्य आकडा. छोट्या खिडकीसाठी १२८० बाय ८०० आणि १६० डीपीआय ठेवा, म्हणजे ८०० मिळतात.

बदल एम्युलेटरच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये होतो. अँड्रॉइड स्टुडिओत ‘एडीबी शेल डब्ल्यूएम डेन्सिटी २४०’ ही आज्ञा रोमन लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत द्या. मागे फिरायचं तर आकड्याऐवजी ‘रीसेट’. त्यानंतर अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर काही अ‍ॅप जुनीच मांडणी धरून बसतात.

चित्रकलेच्या अ‍ॅपबद्दल एक इशारा. पेनचा दाब बऱ्याच एम्युलेटरांतून पुढे जात नाही, साधा स्पर्श म्हणूनच पोचतो, आणि रेघ सगळीकडे एकाच जाडीची येते. डीपीआय बदलून ते सुधारणार नाही.

प्रश्न : बँकेचं अ‍ॅप उघडत नाही आणि चित्रपटाचं अ‍ॅप धूसर दिसतं.

बँकेची बरीच अ‍ॅप गूगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’कडे उपकरणाची खात्री विचारतात, आणि साधारण एम्युलेटर तिथे नापास होतो. रूट करून, म्हणजे अँड्रॉइडचे सर्वाधिकार मिळवून, ही तपासणी फसवण्याचे उपाय सांगितले जातात. जिथे पैसे आहेत तिथे ते करू नका. बँकेची वेबसाइट वापरा. धूसर चित्राचं कारण वाइडवाइन ही चित्रपटांची नक्कल रोखणारी गूगलची यंत्रणा: एम्युलेटरला तिची एल३ ही खालची पातळी मिळते, आणि अनेक सेवा त्या पातळीवर एचडी देत नाहीत.

प्रश्न : आयपॅडची अ‍ॅप विंडोजवर चालवता येतील का? आणि मॅकवर?

विंडोजवर नाही. तसा दावा करणाऱ्या सॉफ्टवेअरपासून दूर राहा. अ‍ॅपलच्या एक्सकोड या विकसकांच्या साधनातला सिम्युलेटरही अ‍ॅप स्टोअरमधली अ‍ॅप चालवत नाही, तो विकसकांच्या स्वतःच्या कोडसाठी आहे.

मॅकमध्ये अ‍ॅपलची एम१ किंवा पुढची चिप हवी. २०२० च्या शेवटी आलेल्या या यंत्रांवर आयपॅडची अ‍ॅप थेट चालतात, कारण प्रोसेसर एकाच जातीचा आहे. इंटेलच्या मॅकवर हे होत नाही. अ‍ॅप स्टोअरमध्ये नाव शोधल्यावर ‘आयफोन अँड आयपॅड अ‍ॅप्स’ हा भाग निवडा. तिथे अ‍ॅप नसेल तर बहुधा विकसकाने मॅकसाठी नकार दिला आहे. ‘मॅकओएससाठी पडताळलेलं नाही’ अशी नोंद दिसली तर चालेल, पण खिडकीचा आकार आणि मेनू बेंगरूळ असू शकतात. दोन बोटांच्या हालचाली हव्या असतील तर अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘टच अल्टरनेटिव्हज’ चालू करा. ऑप्शन की दाबून धरली की ट्रॅकपॅड स्पर्शपडद्यासारखा वागतो.

प्रश्न : लिनक्सवर काय?

वेड्रॉइड, लिनक्समध्ये अँड्रॉइड चालवणारं साधन. ते लिनक्सचाच कर्नल (प्रणालीचा गाभा) वापरतं, म्हणून वेगवान आहे. वेलँड (लिनक्समधली पडदा हाताळणारी नवी पद्धत) सत्र आणि कर्नलमध्ये अँड्रॉइडला लागणारं बाइंडर मॉड्यूल हवं. एनव्हीडियाच्या बंदिस्त ड्रायव्हरवर ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये जातं आणि रखडतं. एआरएम अ‍ॅपसाठी अनुवादाची लायब्ररी वेगळी बसवावी लागते.

प्रश्न : माझ्याकडे टॅबलेट आहेच. फक्त मोठा पडदा आणि कीबोर्ड हवा आहे.

मग एम्युलेटर कशाला? एससीआरसीपीवाय हे मोफत साधन टॅबलेटचा पडदा यूएसबीवरून संगणकावर आणतं. अ‍ॅप खऱ्या उपकरणावरच चालत असल्याने प्रोसेसरची अडचण उरत नाही. अँड्रॉइड ५ किंवा पुढचं हवं, आवाजासाठी अँड्रॉइड ११. टॅबलेटच्या ‘अबाउट’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर पर्यायांत यूएसबी डीबगिंग चालू करा, आणि डेटा वाहणारी केबल वापरा. फक्त चार्जिंगच्या केबलीने टॅबलेट दिसणारच नाही.

बँकेच्या अ‍ॅपचे काही पडदे इथेही काळे दिसतील, तो अ‍ॅपने मुद्दाम घातलेला प्रतिबंध आहे. देवनागरी टंकताना अक्षरं गळत असतील तर ती साधनाच्या मूळ कीबोर्ड पद्धतीची मर्यादा आहे. मजकूर संगणकावर लिहा, कॉपी करा आणि डावी ऑल्ट व व्ही एकत्र दाबून चिकटवा. सतत टंकायचं असेल तर कीबोर्डची पद्धत ‘यूएचआयडी’ (टॅबलेटला जणू खरा कीबोर्ड जोडला आहे असं भासवणारी) ठेवून टॅबलेटच्या ‘फिजिकल कीबोर्ड’ सेटिंगमध्ये मराठी मांडणी निवडा.