लग्न खरं आहे ना? मग फाइलमध्ये त्याला इस्त्री करू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही कोल्हापूरच्या, नवरा कॅनडात कॅलगरीला पीआर, म्हणजे तिथला कायमचा रहिवासी, आणि तो तुम्हाला बायको म्हणून स्पॉन्सर करून, म्हणजे तुमची हमी घेऊन, तिकडे बोलावणार. फेब्रुवारीत रजिस्टर लग्न झालं, विधिवत लग्न डिसेंबरात आहे आणि तोवर तुम्ही माहेरीच. नवऱ्याचा आधी एक साखरपुडा मोडलेला. एजंट म्हणतो, ‘साखरपुड्याचं काही बोलायचं नाही, आणि हनिमूनचे फोटो पाहिजेतच, नसतील तर महाबळेश्वरला जाऊन काढून आणा.’ असं करावं का, आणि कॅनडाचे इमिग्रेशनवाले नक्की तपासतात तरी काय?

एजंटाचं ऐकू नका. मी वकील नाही, पण स्वतः याच वाटेने कॅनडात आले आणि इथे मिसिसागात ओळखीपाळखीच्या बऱ्याच जणांना फॉर्म भरताना मदत केली आहे, फुकट. खऱ्या जोडप्यांची फाइल अडकते ती बहुतेक वेळा कुणीतरी ‘जरा बरं दिसावं’ म्हणून केलेल्या रंगसफेदीमुळे.

आधी कायदा. इमिग्रेशनच्या नियमावलीतल्या नियम ४ खाली ऑफिसर दोन गोष्टी बघतो. लग्न मुख्यतः पीआर मिळवण्यासाठी केलं का, आणि नातं आज खरं आहे का. २०१० च्या सप्टेंबरपर्यंत या दोन्ही बाबतीत नापास झालात तरच नकार मिळायचा. आता एकीत नापास झालात तरी पुरे. म्हणून ‘आम्ही आता किती सुखात आहोत’ एवढं दाखवून भागत नाही. लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांत काय चाललं होतं, हेही विचारलं जातं. आणि सिद्ध करायची जबाबदारी तुमची, त्यांची नाही. हे वैयक्तिक घेऊ नका. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा पास झालेल्या मुलीचा खर्च मुलाकडच्यांनी करायचा आणि मुलाने तिच्या व्हिसावर परदेश गाठायचा, असे सौदे पंजाबात उघड उघड होत आले आहेत. त्याच देशातून तुमचीही फाइल जाते.

आता तपास म्हणजे सीआयडी दारात येते असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते काढून टाका. फोन करून खातरजमा होते, कधी प्रत्यक्ष भेटही होते, पण मुख्य काम टेबलावरच चालतं: एक कागद दुसऱ्या कागदाशेजारी ठेवून वाचणं. तुमच्या नवऱ्याने पीआरसाठी अर्ज केला तेव्हा काय लिहिलं होतं? तुम्ही कधी व्हिजिटर किंवा स्टुडंट व्हिसा मागितला होता का, आणि त्यात वैवाहिक स्थिती काय दिली होती? ते सगळं त्यांच्या सिस्टिममध्ये तसंच पडून असतं. फेसबुक-इन्स्टावरचं उघड दिसणारं तर कुणीही बघू शकतं.

इथे बहुतेकांच्या डोक्यात न येणारी एक गोष्ट. लग्न झालं की पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत कॅनडाच्या टॅक्स खात्याला, म्हणजे सीआरएला, ते कळवावं लागतं. तुमचं लग्न फेब्रुवारीत झालं, म्हणजे मार्चअखेर. मुलं हमखास म्हणतात, ‘खरं लग्न डिसेंबरात आहे, तेव्हा बदलू.’ मग टॅक्सच्या कागदावर ‘सिंगल’ आणि स्पॉन्सरशिपच्या फॉर्मवर ‘विवाहित’. नवऱ्याला आजच विचारा, आणि राहिलं असेल तर दुरुस्त करायला सांगा. आणखी एक, याहून गंभीर: हे रजिस्टर लग्न तो पीआर म्हणून तिथे उतरण्याआधी झालेलं आणि त्याने न कळवलेलं असेल, तर थांबा आणि सरळ वकील गाठा. न दाखवलेल्या बायकोला नंतर स्पॉन्सर करायला कायद्याचीच आडकाठी आहे.

तुमच्या फाइलीतला खरा नाजूक भाग आहे रजिस्टर लग्न आणि विधींमधला काळ. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या, झालं. फोटोत कोण? तुम्ही दोघं, मामा, काका, त्याचा मित्र, मागे सरकारी कॅलेंडर. परक्या माणसाला हे चोरून केलेलं लग्नच वाटणार. त्यात तुम्ही संध्याकाळी आपल्या घरी आणि तो आपल्या घरी! आपल्याकडे विधी झाल्याशिवाय मुलीची पाठवणी होत नाही, हे ऑफिसरला कोण सांगणार? तुम्हीच. साध्या भाषेत एका पानावर लिहा: कागदपत्रांसाठी लग्न आधी नोंदवलं, दोन्ही घरच्यांच्या संमतीने, विधी डिसेंबरात, कारण नवऱ्याला तेव्हाच सुट्टी, तोवर माहेरी राहणं ही घरची रीत. सोबत हॉलच्या बुकिंगची पावती आणि पत्रिका छापून झाली असेल तर तीही. पण प्रत्येक फॉर्मवर लग्नाची तारीख फेब्रुवारीचीच पडली पाहिजे. माझा सल्ला विचाराल तर विधी होऊ द्या आणि मगच फाइल टाका. दोन महिने उशीर परवडला, नकार नाही परवडत.

हनिमून झाला नसेल तर ‘झाला नाही’ असं लिहा. लग्नाआधीच्या भेटीचे कांदेपोह्यांच्या ताटासकटचे फोटो, तुमचा दोघांचा साखरपुडा, व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट, त्याने पाठवलेले पैसे, विम्यात केलेलं नॉमिनेशन, हे पुरेसं बोलतं. फोटोंचं पोतं पाठवू नका. चेकलिस्टमध्येच मर्यादा दिलेली असते. एकाच दिवशी तीन साड्या बदलून काढलेले ‘वेगवेगळ्या प्रसंगांचे’ फोटो ऑफिसर ओळखतात. गजरा तोच असतो हो!

अरेंज्ड मॅरेजचं ओझं घेऊ नका, ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. मात्र ‘घरच्यांनी ठरवलं’ एवढ्यावर थांबू नका. स्थळ कुणी आणलं, पहिल्यांदा कोण कुणाकडे गेलं, पत्रिका पाहिली का, याद्या कुठे झाल्या, आणि मुख्य म्हणजे तुम्ही हो का म्हणालात. मोडलेला साखरपुडा इथेच येतो. तो सांगा. फॉर्ममध्ये आधीच्या नात्यांची विचारणा असते, आणि लपवलेली गोष्ट मुलाखतीत बाहेर आली तर तो साखरपुडा बाजूलाच राहतो, प्रश्न उरतो तो लपवल्याचा. महत्त्वाची गोष्ट दडवली असं ठरलं तर कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षं कॅनडाचं दार बंद.

मुलाखत सगळ्यांना लागत नाही. लागली तर बहुधा तुम्हाला एकटीला, आणि नवऱ्याला वेगळं गाठून तेच विचारू शकतात. इथे एक ऐकाच. ओळखीतल्या एका मुलाची नोकरी गेली होती, सासरी कळू नये म्हणून तो तात्पुरता गोडाऊनमध्ये रात्रपाळी करत होता. बायकोला माहीत होतं, पण ‘घरात कुणाला सांगू नकोस’ अशी ताकीद होती. ऑफिसरने तिला विचारलं, नवरा काय करतो? शेजारच्या खोलीत वडील बसलेले, फोनवर मुलाखत. ती सवयीने म्हणाली, ‘बँकेत आहे.’ फाइलीत मात्र गोडाऊनच्या पगाराच्या स्लिपा. नवऱ्याचं काम माहीत नसलेली बायको, असा शेरा बसला आणि पुढे उत्तरं देण्यात महिनेच्या महिने गेले. तेव्हा मुलाखत फोनवर असेल तर दार लावून बसा आणि सासर-माहेरची ‘पांघरुणं’ आधी काढून ठेवा. इंग्रजी अडखळत असेल तर मराठी दुभाषा मागा, त्यात कमीपणा नाही. प्रश्नोत्तरं पाठ करू नका. ‘आठवत नाही’ हे उत्तर चालतं. दोघांची शब्दन्‌शब्द सारखी वाक्यं चालत नाहीत.

शंका आली तर नकाराआधी बहुतेक वेळा एक पत्र येतं, त्यात आक्षेप लिहिलेले असतात आणि उत्तराला मुदत असते. ते पत्र एजंटाच्या ईमेलवर जाऊन पडलं आणि त्याने सांगितलंच नाही, असंही घडतं, म्हणून ऑनलाइन अर्जाच्या खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. नकार आलाच तर भारतातून केलेल्या अर्जावर नवऱ्याला तीस दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जाता येतं; तिथे नवे पुरावेही देता येतात. कॅनडात राहून केलेल्या इनलँड अर्जाला ती सोय नाही, फक्त फेडरल कोर्ट. ऑफिसरने फाइलीवर काय टिपणं लिहिली तेही नवरा माहितीच्या अधिकारात पाच डॉलर भरून मागवू शकतो. अपील करायचं असेल तर आधी ती वाचा.

‘दोन वर्षं एकत्र राहिलं नाही तर परत पाठवतात’ हे एजंटाने सांगितलेलं शिळं आहे. ती अट २०१२ मध्ये आली आणि एप्रिल २०१७ मध्ये रद्द झाली. मारहाण सोसणाऱ्या बायका तिच्यापायी घरात अडकून पडत होत्या, हे त्याचं एक मोठं कारण. नवऱ्याने दिलेली तीन वर्षांच्या सांभाळाची हमी मात्र उद्या घटस्फोट झाला तरी सुटत नाही.

नाव बदलायचं घाटत असेल, तर फाइल निकाली निघेपर्यंत पासपोर्टवरचं नाव तसंच राहू द्या. तांदळात लिहिलेलं नवं नाव घरात वापरा, फॉर्मवर नको.

आणि त्या एजंटाला लायसन्स नंबर विचारा. पैसे घेऊन सल्ला देणारा एकतर कॅनडातला वकील असावा लागतो, किंवा तिथल्या कन्सल्टंटच्या कॉलेजचा सदस्य. त्यांची यादी ऑनलाइन उघडी आहे, पाच मिनिटांत नाव सापडतं. सापडलं नाही तर दिलेला अ‍ॅडव्हान्स बुडाला समजा आणि तुमची मूळ कागदपत्रं मात्र आजच्या आज त्याच्याकडून परत आणा.