अपडेट केलं आणि लिनक्स उठेचना

या वेळच्या प्रश्नांत गाऱ्हाणं एकच आहे, अपडेट मारलं, रिस्टार्ट केलं आणि मशीन चालूच होईना. आणि जवळपास प्रत्येकाने शेवटी विचारलंय की फॉरमॅट मारू का. कृपा करून मारू नका! अशा वेळी बिघाड बहुतेकदा सुरुवातीच्या दोन-तीन पायऱ्यांवर असतो, तुमचे फोटो, प्रोजेक्ट, हिशेब डिस्कवर जागच्या जागी असतात. उबंटू, फेडोरा, मिंट ही लिनक्सचीच रूपं. खालच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाईप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा, एक अपवाद आहे तो तिथेच सांगितलाय.

प्रश्न : उबंटूचं अपडेट चालू असताना लाईट गेली. आता काळ्या स्क्रीनवर कर्नल पॅनिक, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०) असं येतं आणि कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत राहतो. हार्ड डिस्क उडाली का?

मेसेज वाचून तसंच वाटतं खरं, पण डिस्क उडाली असती तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तरी कुठून लोड झाला असता? तो डिस्कवरूनच आलाय. झालंय असं की कर्नलसोबत इनिटरामएफएस नावाची एक छोटी फाईल लागते, तिला कर्नलची शिदोरी समजा, डिस्क ओळखायचे ड्रायव्हर वगैरे तिच्यात बांधलेले असतात. नवा कर्नल येऊन बसला आणि शिदोरी बांधून व्हायच्या आधी लाईट गेली, त्यामुळे त्याला तुमची डिस्क ओळखताच येत नाहीये.

मशीन चालू करून कंपनीचा लोगो गेला की एस्केप दाबा (जुनं बायोसवालं मशीन असेल तर शिफ्ट धरून ठेवा), ग्रबचा, म्हणजे काय चालू करायचं ते निवडायचा, मेनू येईल. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि वरून दुसरा, म्हणजे आधीचा कर्नल निवडा, रिकव्हरी मोड नको, साधाच. उबंटू जुना कर्नल ठेवतं ते याच दिवसासाठी. आत आलात की टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघडून सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, याने अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण होतात आणि बहुतेक वेळा शिदोरीही इथेच बांधली जाते. नाहीच झाली तर सुडो अपडेट-इनिटरामएफएस -सी -के आणि पुढे नव्या कर्नलचा पूर्ण नंबर द्या, तो बूट फोल्डरमध्ये व्हीएमलिनझ नावाच्या फायलींवर दिसेल. शेवटी सुडो अपडेट-ग्रब आणि रिस्टार्ट.

हे करताना नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस आलं तर रोग वेगळा, तुमचं बूट पार्टिशन, म्हणजे कर्नलच्या फायलींची वेगळी जागा, भरलंय. डीएफ -एच करून बघा, बूटच्या समोर १०० टक्के दिसेल. मीही यात एकदा पूर्ण संध्याकाळ घालवलीये, कारण साफसफाई करणारी ऑटोरिमूव्ह कमांडसुद्धा आधी अर्धवट काम पूर्ण करायला जाते, त्यालाही जागा लागते आणि आपण गोल गोल फिरत राहतो. अशा वेळी युनेम -आर ने आत्ता चालू असलेला कर्नल बघून घ्या, तो सोडून सगळ्यात जुन्या कर्नलची इनिटआरडी फाईल (त्याची शिदोरीच ती, बूट फोल्डरमध्ये असते) हाताने उडवा, मग डीपीकेजीची कमांड परत चालवा आणि त्यानंतर सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज. चालू कर्नलच्या फायलींना मात्र हात लावू नका.

प्रश्न : फेडोरा आहे, एनव्हिडियाचं कार्ड आहे. अपडेटनंतर लगेच रिस्टार्ट केलं, आता नुसती काळी स्क्रीन. फॅन फिरतोय.

तुमच्या प्रश्नातला "लगेच" हा शब्द महत्त्वाचा. आरपीएम फ्यूजनवरून (फेडोरासाठीचं जादा सॉफ्टवेअरचं भांडार) एनव्हिडियाचा ड्रायव्हर घेतला असेल तर प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) तुमच्याच मशीनवर मागच्या बाजूला बनत असतं, ते काम एकेमॉड्स करतं आणि त्याला काही मिनिटं लागतात. मशीन बहुतेक चालूच आहे, फक्त चित्र येत नाहीये. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, लॉगिन मागितलं तर तिथूनच सुडो एकेमॉड्स --फोर्स, नंतर सुडो ड्रॅकट --फोर्स (फेडोरात शिदोरी हीच बांधते), मग रिबूट. लॉगिनही नाही आलं तर ग्रबमधून जुन्या कर्नलवर जा, फेडोरा सहसा ३ कर्नल ठेवतं, आणि मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बनवायचंय म्हणून एकेमॉड्सला --कर्नल्स लावून त्याचा नंबर द्या. पुढच्या वेळी अपडेट संपलं की पाच मिनिटं थांबा, चहा टाका, मग मॉडइन्फो -के, पुढे नव्या कर्नलचा नंबर आणि -एफ व्हर्जन एनव्हिडिया मारा (यातलं एफ मात्र मोठं, F), ड्रायव्हरचा नंबर आला की खुशाल रिस्टार्ट करा.

प्रश्न : एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स मिंट. अपडेट विंडोजला केलं आणि मिंट बंद पडलं! एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड असं काहीतरी येतं.

तुमची काहीच चूक नाही. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुने, धोक्याचे बूटलोडर (सिस्टिम चालू करून देणारे प्रोग्रॅम) अडवण्यासाठी सिक्युअर बूटमध्ये, म्हणजे खात्रीचाच बूटलोडर चालू देणाऱ्या सोयीत, एसबॅटचा नवा नियम टाकला, तो ड्युअल बूटच्या मशीनना लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, पण बऱ्याच जणांना तो लागलाच. आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, हे चुकवू नका, नाहीतर विंडोजही अडेल. मग बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद, मिंट चालू करा, सुडो मोकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट, रिस्टार्ट करून परत मिंटमध्येच या, सगळी अपडेट्स घ्या म्हणजे नवा शिम (सिक्युअर बूटला चालणारा लिनक्सचा पहिला बूटलोडर) येईल, आणि मगच सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. बंदच ठेवून देऊ नका.

प्रश्न : एवढा ताप होतो तर अपडेट बंदच केलं तर?

नको, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. उबंटू-मिंटवाल्यांनी अपडेटच्या आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (सिस्टिमची त्या वेळची नक्कल) घ्यावा, लाईव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स थेट चालतं) एक बनवून ड्रॉवरमध्ये ठेवावा, मशीन उठलंच नाही तर त्यावरून बूट करून तोच स्नॅपशॉट परत टाकता येतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून मगच अपडेट, डेस्कटॉपला यूपीएस. फक्त टाइमशिफ्ट तुमचं होम फोल्डर आपण होऊन घेत नाही, ते सिस्टिमपुरतं आहे, फोटो आणि कागदपत्रं वेगळ्या डिस्कवर तुम्हालाच कॉपी करावी लागतील.